वकिलाची दया नेमकी कुठे संपते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाचनगटात हर्मन मेलव्हिलची 'बार्टलबी' घेतली आणि बैठकीत दोन तट पडले. एका तटाच्या मते वकील म्हणजे रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणणारा देवमाणूस आणि बार्टलबी आयतखाऊ. दुसऱ्या तटाच्या मते बार्टलबी हा गांधीजींच्या आधीचा सत्याग्रही आणि वकील निव्वळ ढोंगी. पुढच्या बैठकीची सूत्रं तुमच्याकडे आहेत आणि बरोबर कोण हे आधी ठरवून मगच बसावं असं तुम्हाला वाटतंय.

ही कथा मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला शिकवली, निवृत्त झाल्यावर वाचनगटांतही घेतली. हे दोन तट मला तोंडपाठ आहेत. माझा सल्ला असा की बरोबर कोण हे ठरवायच्या भानगडीत पडूच नका. वकिलाची दया खरी की खोटी यावर दोन तास भांडता येतं आणि हाती काही लागत नाही. माझ्या मते ती खरीच आहे. प्रश्न तिच्या मर्यादेचा आहे. ती कुठवर पुरते आणि कशाने संपते, हे मेलव्हिलने जागोजागी खुणा करून ठेवलंय. त्या खुणा शोधायला लावलंत तर दोन्ही तटांना काम मिळेल.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी कथा सांगते. ती 1853 च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये 'पटनम्स मंथली' या मासिकात लेखकाच्या नावाशिवाय दोन भागांत आली. वॉल स्ट्रीटवरचा साठीच्या घरातला एक वकील ती सांगतो. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. हा कोर्टात उभा राहून भांडणारा वकील नव्हे. श्रीमंतांचे रोखे, गहाणखतं, मालकीहक्काची कागदपत्रं यांत आरामात कमावणारा, 'भरवशाचा माणूस' म्हणून ओळखला जाणारा. त्याच्याकडे दोन नक्कलनवीस आणि एक पोऱ्या. काम वाढतं तेव्हा तो बार्टलबीला ठेवून घेतो. सुरुवातीला बार्टलबी रात्रंदिवस नकला करतो. तिसऱ्या दिवशी साहेब त्याला एका छोट्या कागदाची रुजुवात घ्यायला बोलावतात आणि तो शांतपणे म्हणतो, "मी ते न करणं पसंत करेन." पुढे तो टपालात जाणं नाकारतो, स्वतःबद्दल काही सांगणं नाकारतो, शेवटी नकला करणंही सोडतो, पण ऑफिस सोडत नाही. वैतागून वकीलच ऑफिस हलवतो. बार्टलबीची रवानगी तुरुंगात होते, तिथे तो जेवत नाही आणि मरतो.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. चर्चा कशी जाईल हे गटात कोण बसलंय यावर खूप अवलंबून असतं. ज्यांनी स्वतः दुकान, कारखाना किंवा ऑफिस चालवलंय ते पहिल्या पाच मिनिटांत वकिलाचे होतात. ज्यांनी आयुष्य दुसऱ्याच्या हाताखाली काढलं ते बार्टलबीचे. आणि गटात एखादे डॉक्टर असले तर ते निदान करून मोकळे होतात: नैराश्य, नाहीतर स्वमग्नता. निदान चूक असेलच असं मी म्हणत नाही. पण कथेत पहिलं निदान वकीलच करतो, आणि केव्हा करतो ते बघण्यासारखं आहे. याच्या शरीराला मी भिक्षा देऊ शकेन, पण दुखणं आत्म्याचं आहे आणि तिथवर माझा हात पोचत नाही, असं तो ठरवतो, आणि लगेच त्याला कामावरून काढण्याचा बेत करतो. 'हा बरा होणारच नाही' हे त्याला सुटकेचं दार वाटतं. डॉक्टरांना हे दाखवा, ते रागावणार नाहीत. मात्र गटातल्या कुणाच्या घरी असा माणूस असेल तर हा भाग जपून घ्या.

माझी सुरुवात बार्टलबीपासून नसते, कोटापासून असते. बार्टलबी येण्याच्याही आधी टर्की नावाच्या म्हाताऱ्या नक्कलनवीसाचा एक किस्सा आहे. वाचक तो विनोदी म्हणून पुढे ढकलतात. टर्की सकाळी उत्तम काम करतो, दुपारी बारानंतर चेहरा लालबुंद आणि कागदावर शाईचे डाग. त्याचे कपडे मळके, तेलकट. एका हिवाळ्यात वकील आपला स्वतःचा करडा कोट त्याला देतो: आत कापूस भरलेला, गुडघ्यापासून गळ्यापर्यंत बटणं असलेला, चांगला उबदार. देताना हिशोब असा की टर्की उपकार मानेल आणि दुपारचा धसमुसळेपणा कमी करेल. होतं उलटंच. कोट घालून टर्की जास्तच शेफारतो. वकील म्हणतो, घोड्याला फार ओट्स घातले की असंच होतं. भरभराट या माणसाला मानवत नाही, असा त्याचा निष्कर्ष.

हा परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या आणि कोटाच्या बदल्यात वकिलाला काय हवं होतं एवढंच विचारा. उत्तर गटातूनच येईल. कोट खरा आहे, ऊब खरी आहे, थंडी वाजणाऱ्या म्हाताऱ्याला ती मिळालीही. पण देणाऱ्याच्या मनात परतावा होता. बार्टलबीच्या बाबतीत तर तो हे उघडच बोलतो: याला सांभाळून घ्यायला मला फारसा खर्च नाही आणि माझ्या सदसद्विवेकबुद्धीला गोड घास मिळेल. 'ढोंगी' म्हणणारा तट इथे टाळ्या पिटेल. त्यांना थांबवा. ढोंगी माणूस हे स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. हा माणूस आपला जमाखर्च आपल्यासमोर उघडून बसलाय, आणि आपल्यापैकी किती जण देणगीची पावती जपून ठेवतात हा प्रश्न मी नेहमी मोकळा सोडते.

दुसरी जागा रविवारची. वकील ट्रिनिटी चर्चमध्ये एका नामांकित धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकायला निघतो. वेळ असतो म्हणून ऑफिसात डोकावायला जातो. किल्ली फिरत नाही, कारण आत कुणीतरी आहे. दार उघडतं आणि शर्टाच्या बाह्यांवर बार्टलबी उभा. म्हणतो, आत्ता मी कामात आहे, तुम्ही दोनतीन चकरा मारून आलात तर बरं. आणि मालक खरोखरच आपल्या ऑफिसच्या दारातून मागे फिरतो! परत येतो तेव्हा बार्टलबी गेलेला असतो. मग तो धुंडाळत सुटतो. टेबलाखाली गुंडाळलेलं पांघरूण, शेगडीखाली बुटाच्या पॉलिशची डबी आणि ब्रश, खुर्चीवर पत्र्याचं घमेलं, साबण, फाटका टॉवेल, वर्तमानपत्रात आल्याच्या बिस्किटांचा चुरा आणि चीजचा तुकडा. म्हणजे हा इथेच राहतो. रविवारी वॉल स्ट्रीट ओस पडलेला असतो आणि त्या ओसाडीत एकटा हा.

वकिलाला आयुष्यात पहिल्यांदा खोल दुःख होतं. मी आणि बार्टलबी एकाच आदमची लेकरं, असं तो म्हणतो. मला इथे त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल जराही शंका नाही. पण पुढची दोन पानं सावकाश वाचा. तो बार्टलबीचं टेबल उघडतो, रुमालात बांधलेली त्याची बचत चाचपतो, एकेक विचित्र गोष्ट आठवतो, आणि त्याच सकाळी दुःखाची भीती होते, कणवेची किळस होते. स्वतःच सांगतो की एका मर्यादेपर्यंत दुसऱ्याचं दैन्य आपल्यातलं चांगलं जागं करतं, त्यापुढे गेलं की नाही. आणि याचं कारण माणसाचा स्वार्थ असं म्हणणारे चुकतात, उपायच दिसत नाही म्हणून असं होतं. चर्चला तो जात नाही. ज्या दिवशी प्रवचन ऐकायचं त्याच दिवशी भूतदयेची परीक्षा झाली, यावर मेलव्हिल एक शब्द जास्त बोलत नाही.

इथपर्यंत दया कमी झाली, संपलेली नाही. पैशाच्या बाबतीत तर हा माणूस उदारच आहे. कामावरून काढताना बार्टलबीचा हिशोब बारा डॉलरचा निघतो, हा बत्तीस पुढे करतो, तेही पोऱ्याला आठवड्याला एक डॉलर मिळत असताना. बार्टलबी पैसे घेत नाही, जात नाही. वकिलाला इतका संताप येतो की न्यूयॉर्कमध्ये 1841 साली जॉन कोल्टने सॅम्युअल ॲडम्सचा ऑफिसातच खून केला होता तो त्याला आठवतो. 'एकमेकांवर प्रेम करा' ही ख्रिस्ताची आज्ञा आठवून तो स्वतःला सावरतो. आणि चक्क ठरवतो की बार्टलबीला देवानेच आपल्याकडे पाठवलंय, ऑफिसातल्या त्याच्या पडद्याआड बसू दे त्याला हवं तितके दिवस. काम शून्य, जागा फुकट, आणि मालक समाधानी.

मग हे मोडतं कशाने? माझ्या मते हीच कथेची गुरुकिल्ली आहे आणि निम्मे वाचक ती न उचलता पुढे जातात. ऑफिसात येणारे त्याचे व्यवसायबंधू कुजबुजायला लागतात. कोण हा? काम का करत नाही? तुम्ही ठेवलाय तरी कशाला? वकिलाला धास्ती वाटते की आपल्या नावाला बट्टा लागेल, आणि हा असाच जगत राहिला तर शेवटी वहिवाटीच्या हक्काने ऑफिसच बळकावेल. लगेच देवाची योजना बाजूला पडते आणि हलवाहलवी सुरू होते. पैसे बुडाले तेव्हा टिकलेली दया लोकांच्या नजरेपुढे टिकत नाही. पुढेही तेच. ऑफिस हलवल्यावर नवा भाडेकरू आणि घरमालक जाब विचारायला येतात तेव्हा तो म्हणतो, या माणसाचा माझा संबंध नाही. नंतर एक जण वर्तमानपत्रात नाव आणण्याची आडून धमकी देतो, तेव्हा कुठे हा बार्टलबीशी बोलायला जिना चढतो.

'देवमाणूस' म्हणणाऱ्या तटाला ही ओळ वाचायला लावा. आणि ते गप्प झाले की दुसऱ्या तटाला त्याच जिन्यावरचं पुढचं पान. कठड्यावर बसलेल्या बार्टलबीला वकील नोकऱ्या सुचवतो: कापडदुकानात कारकून, दारूच्या गुत्त्यात वाढपी, गावोगाव फिरून वसुली, श्रीमंत पोराबरोबर युरोपची सफर. सगळ्याला नकार. शेवटी तो म्हणतो, माझ्याबरोबर घरी चल. ऑफिसात नाही, माझ्या घरी. पुढचं सावकाश ठरवू. हा वाक्याचा खेळ नव्हे. हाताखालच्या नक्कलनवीसाला स्वतःच्या घरी राहायला बोलावणारा मालक आपण किती पाहिलेत? हेही खरं की हे बोलणं सगळ्यात शेवटी येतं, आणि ते बोलवून घेतलं एका धमकीने. बार्टलबी म्हणतो, सध्या कुठलाच बदल न करणं पसंत करेन. वकील जिना उतरून पळत सुटतो, दिसेल त्या गाडीत चढतो आणि काही दिवस आपल्या घोडागाडीतच काढतो, जर्सी सिटी, होबोकेन, इकडे तिकडे. तेवढ्यात घरमालक पोलिसांना बोलावून बार्टलबीला भटक्या म्हणून पकडून देतो. जागचा न हललेला माणूस भटका ठरला, आणि गावभर भटकत होते ते वकीलसाहेब.

आता सत्याग्रहाचं. तुमच्या गटाला हे साम्य दिसलं यात नवल नाही. कथेतला वकीलच म्हणतो की निमूट विरोधाइतकं कळकळीच्या माणसाला दुसरं काही चिडवत नाही. 2011 च्या, आर्थिक विषमतेविरुद्धच्या ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनातही ही कथा पुन्हा बाहेर आली, तिची जाहीर वाचनं झाली. पण मला हे साम्य फार ताणावंसं वाटत नाही. सत्याग्रहाला मागणी असते, आणि ती समोरच्याला देता येण्यासारखी असते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच आपली वाट नुसत्या निमूट विरोधापासून वेगळी काढली होती, कारण ते दुबळ्याचं हत्यार समजलं जाई.

त्यापेक्षा आपल्याकडच्या जुन्या धरण्याशी ताडून पाहा. पेशवाईत सावकार कर्जदाराच्या दारात उपाशी बसे, आणि तो उपाशी असताना आतल्या माणसालाही घास घेता येत नसे. थकलेल्या पगारासाठी फौजा आपल्याच सरदारावर धरणं धरत. पाप लागेल ही भीती हेच त्यातलं बळ. इंग्रजांना हा प्रकार इतका जाचला की 1860 च्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे ही कथा छापून झाल्यावर सातच वर्षांनी, कलम 508 मध्ये दारात धरणं धरणाऱ्याचंच उदाहरण दिलं होतं. बार्टलबीच्या बसण्यातही तेच बळ आहे, फक्त मागणी नाही. सावकाराचे पैसे टाकले की सावकार उठतो. बार्टलबीला काय टाकायचं?

आणि हे बळ चालतं कुणावर? फक्त वकिलावर. घरमालकावर बार्टलबीच्या नकाराचा ओरखडाही उमटत नाही. इतके दिवस जे वकिलाला जमलं नाही ते तो एका चिठ्ठीत उरकतो. निमूट विरोध दयाळू माणसालाच दमवतो, निर्दयाला तो दिसतही नाही. वकिलाला ढोंगी म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की मग घरमालकाला काय म्हणाल? त्याच्यावर कथेत कुणीच रागावत नाही, वाचकसुद्धा.

बैठकीसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. शेवटचा परिच्छेद आधी वाटू नका. त्यात वकील एक ऐकीव बातमी सांगतो, की बार्टलबी पूर्वी वॉशिंग्टनला बेवारस पत्रांच्या कार्यालयात कारकून होता. ते वाचलं की सगळे 'अच्छा, म्हणून होय!' म्हणून सुटकेचा श्वास सोडतात आणि चर्चा आटपते. आधी तुरुंगातला प्रसंग बोलून घ्या. तिथे वकील खाणावळवाल्याला पैसे देऊन चांगल्या जेवणाची सोय करतो आणि बार्टलबी म्हणतो, मला जेवणाची सवय नाही. त्याआधी तो वकिलाला म्हणालेला असतो, मी तुम्हाला ओळखतो, तुमच्याशी मला बोलायचं नाही. ही दोन वाक्यं एका दमात बोलली जातात की नाही, त्यांत राग आहे की नाही, यावर माझ्या वर्गात जितकं चांगलं बोललं गेलं तितकं बाकी कशावरच नाही. मग शेवटचा परिच्छेद वाचून दाखवा.

दुसरं, छापील प्रती पाहून घ्या. मासिकातल्या पाठात खाणावळवाल्याचं नाव मिस्टर कटलेट्स आहे. 1856 च्या 'द पियाझा टेल्स' या संग्रहात ते गेलंय. दोन प्रती दोन तऱ्हेच्या निघाल्या की वाचताना उगाच गोंधळ होतो. मेलव्हिलच्या चरित्रावर वेळ घालवू नका. त्याची 'पिएर' ही कादंबरी 1852 मध्ये आपटली आणि लोकांना हवं ते लिहायला त्याने नकार दिला, म्हणून बार्टलबी म्हणजे तोच, असं कुणीतरी मोबाइलवर शोधून सांगेलच. मान डोलवा आणि पुढे जा.

गटाला हा विषय मानवला तर त्यानंतरच्या बैठकीत निकोलाय गोगोलची 'ओव्हरकोट' घ्या, 1842 ची. तिथेही नक्कलनवीसच आहे, तिथेही कोट आहे. सहकारी त्याची टर उडवतात, डोक्यावर कागदाचे कपटे उधळतात, आणि तो फक्त म्हणतो, सोडा ना मला, का छळता? एक नवखा तरुण कारकून ते ऐकून चपापतो, आणि त्या शब्दांत त्याला 'मी तुझा भाऊ आहे' असं ऐकू येतं. वकिलालाही रविवारी हेच ऐकू आलं होतं. तरुणाला ते जन्मभर पुरलं आणि वकिलाला दुपारपर्यंतच, हा फरक कशामुळे, यावर तुमचे दोन्ही तट पुन्हा भांडतील. भांडू द्या. फक्त दोन्ही कथा एकाच बैठकीत उरकायला जाऊ नका; गोगोलची निम्मी मजा शेवटच्या भुतात आहे, आणि तिथे पोचेपर्यंत लोक घड्याळं बघायला लागतात.